बटन दाबलं का कान बंद

—नाही जी, गाने नाही लागत याच्यावर. सारे जन हेच इचारतात. दिसाले रेडिओ, पन गाने नाही, बातम्या नाही, बाजारभाव नाही. नुसते मानसं बोलतात याच्यावर, एकमेकासंग, हॅम रेडिओ म्हनतात याले. बसा ना, तो स्टूल घ्या — तो नोको, त्याचा पाय हालते, बाजूचा घ्या. तुमच्या मोटरची वायंडिंग झाली, व्हार्निश मारला, आता तो वाळल्याशिवाय मी काई देनार नाही. घाई केली न् ओली मोटर विहिरीवर बसवली तं उद्या जाळून वापस आनसाल, न् साऱ्या तिरोड्यात सांगत फिरसाल का खेमराजनं मोटर बिघडवली. बाहेर बोर्डावर नाव हाय ना माझं, एवढं मोठं. तं बसा. चहा सांगतो. तुमी बोलत नाही वाटते फारसे? चांगलं हाय, मलेबी सवय लावनं चालू हाय.

हा सेट माझा नाही, माझ्या मास्तरचा हाय. अश्विन म्हनून हाय, कालेजात प्रयोगशाळेत कामाले, पोट्टाच हाय, पन मास्तर तं मास्तर. याच्यात फक्त ऐकता येते, बोलाचा भागच नाही. बोलाले सरकारचं लायसन लागते, न् लायसनसाठी परीक्षा. ते मंगळवारी हाय, नागपूरले. हासा, हासा! बायकोबी हासली होती. डोक्यावर केस राह्यले नाही न् परीक्षेले बसून राहिला म्हने. आता वीज कशी चालते, तार कशी गुंडाळाची, हे तं मले झोपेत इचारा — त्यात मी मार नाही खानार. माझी गाडी अडकली ते बोलाच्या नियमात. हो जी, बोलाचे नियम! मले वाटलं होतं बोलाचा काय नियम राहते? तोंड हाय, बोला. खेमराजले बोलाले शिकवाले कोन निघालं!

तं पयला नियम काय? आधी ऐका. कोनी बोलून राहिलं का तिथं, ते पाहा. नसल तं इचारा — ही जागा रिकामी हाय का? उत्तर नाही आलं तं पुन्हा इचारा. मंग आपला नंबर सांगा, लायसनसंग देते सरकार, आपलं नावच समजा हवेतलं — न् मंग बोला, थोडक्यात, न् झालं का ‘ओव्हर’ म्हना न् बटन सोडा. आता मी काय केलं माहीत हाय? अश्विननं सरावासाठी दोन डबे बनवले, मधात वायर, एक माझ्यापाशी, एक तो घेऊन मागच्या खोलीत. मी बटन दाबलं न् म्हनलो, राम राम! कोन गावचे जी? कोनाघरचे? पानीपाऊस कसा हाय? धानाचा रोवना झाला का? जेवन झालं का? — आता तुमीच सांगा, आपल्याकडं हे इचारल्याबिगर कोनी पुढची गोष्ट काढते का? पाहुना दारात आला न् आधी गाव नाही इचारलं तं तो मानूस परत येनार नाही. मी इचारतच राहिलो, न् तिकडून आवाज नाही. म्हनलं डबा बिघडला. उठून गेलो तं अश्विन कपाळाले हात लावून बसला. म्हने, भाऊ, मी तुमच्या पयल्याच सवालाचं उत्तर देऊन राहिलो होतो, पन तुमी बटन सोडतच नव्हते! बटन दाबलं का आपले कान बंद, अशीच वस्तू हाय ही. दाबून हाय तोवर समोरचा मेला तरी आपल्याले कळत नाही.

मंग त्यानं काय उपाय केला — सांगतो, कोनाले सांगू नोका — समोरचा बोलून राहिला तोवर मी तोंडात पान्याचा घोट धराचा. गिळाचा नाही, थुकाचा नाही. तो ओव्हर म्हनल तेव्हाच गिळाचा न् बोलाचं. पयल्या दिवशी तीन शर्ट ओले केले. पुष्पांजली, म्हंजे आमची बायको, ते दारात उभी राहून पाहत होती, म्हने मास्तर, हा क्लास लग्नाच्या आधी काऊन नाही घेतला हो याचा? मी तोंडात पानी घेऊन बसलो होतो, उत्तर काय देनार! ते मनसोक्त बोलून घेतली त्या दिवशी.

घ्या, चहा आला. साखर जास्त टाकते तो, पन तक्रार केली का चहाच आनत नाही. — हं, न् अजून एक गंमत. बोलनं झालं का शेवटी ‘त्र्याहत्तर’ म्हनाचं. आकडा. त्याचा अर्थ शुभेच्छा, साऱ्या दुनियेत चालते. मी पुस्तकात पाह्यलं तं खाली अठ्ठ्याऐंशीबी लिहून होते. मी म्हनलं आपन कायले कमी द्याचं? आपल्याकडं पंगतीत पाहुना पुरे पुरे म्हनते तरी आपन दोन पुऱ्या जास्तच वाढतो ना? न् मास्तरले तं जास्तच द्याले पाहिजे. तं मी रोज क्लास संपला का अश्विनले मोठ्या आदरानं म्हनो, अठ्ठ्याऐंशी, सर, अठ्ठ्याऐंशी! तो बिचारा लाल होऊन जाये. आठवडाभरानं एकदाचा म्हनला, भाऊ, ते नवरा-बायकोतलं हाय, त्याचा अर्थ पप्पी होते. आता बोला! लाजून मी दोन दिवस त्याच्या समोर नाही गेलो.

पन सांगू का, एक नियम मले भल्ला आवडला. रेडिओवर धंद्याची गोष्ट नाही काढाची. राजकारन नाही. धर्म नाही. भांडन नाही, शिवी तं नाहीच नाही. मंग बोलाचं काय? तुमचा आवाज कसा येऊन राहिला, माझा कसा जाऊन राहिला, हवा कशी हाय, तार कोन्या झाडाले बांधली. बस. मी अश्विनले इचारलं, तलावाच्या पान्याची गोष्ट काढता येते का? तो म्हने ते काऊन काढसाल? मी म्हनलं, नाही, समजा समोरच्यानं काढली तं? तो म्हने, भांडन होनार असल तं नाही काढता येत. मी म्हनलं जमलं! हेच पाहिजे होतं मले.

कोनासंग बोलाचं म्हंजे? दादासंग. माझा मोठा भाऊ, योगराज. सालेकसाकडं राहते तो आता, तिकडं त्याच्या सासरची शेती हाय. त्याच्यापाशी लायसन हाय या रेडिओचं, लय आधीपासून. तिकडच्या जंगलात मोबाइल पकडत नाही, कोन्या शाळेत कोनी क्लास घेतला होता, तं हा जाऊन बसला. मले कळलं तेव्हा मी हासलो होतो. काऊन का, दादा अडखळते बोलताना. लहानपनापासून. शब्द गळ्यापाशी येते न् तिथंच बसून राहते. त्याले म्हनलं तू रेडिओवर काय बोलशील गा? — म्हंजे त्याले नाही म्हनलं, तेव्हा तं बोलनं बंदच झालं होतं आमचं. मनात म्हनलं.

बंद काऊन झालं? काई नाही जी, फालतू गोष्ट. आमी तलाव खोदनाऱ्यांच्या घरचे. गावचा तलाव आमच्या पनज्यानं बांधला, म्हून पानी सोडाच्या वेळी अजून आमच्या घराले इचारतात, रीत हाय. न् घरात मोठा कोन, तं दादा. त्या वर्षी पाऊस कमी होता, सारा गाव तलावाच्या पाळीवर, बांधावर जमला, इचारलं, योगराजभाऊ, पानी कोनाच्या वावरापासून, कोनाच्या बांधीपासून सुरू कराचं? दादा म्हनला, ‘आ… आप… आपल्या…’ न् अटकला. मी बाजूलेच उभा होतो. आता मी काय करनार? लहानपनापासून त्याचे शब्द मीच पुरे करतो. शाळेत मास्तरनं हजेरी घेतली तं त्याच्याबद्दल हजर मी म्हनो. दुकानात तो गु… गु… करे, मी म्हनो गूळ द्या. लग्नात उखाना त्याचा, म्हनलो मी! सारा मांडव हासला, तोबी हासला. तं पाळीवर मी म्हनलो, ‘आपल्या बांधीपासून!’ म्हंजे, ‘आपल्या’च्या पुढं दुसरं काय येनार? तुमीच सांगा. साधी गोष्ट हाय. लोकांनी तसंच पानी सोडलं. आमचं धान झालं. शेवटच्या बांधीपर्यंत पानी पोचलं नाही, त्या लोकांचं वाळलं. न् ते लोक रस्त्यानं जाताना दादाकडं पाहत थुकत.

त्याले म्हनाचं होतं, आपल्या बांधीले सर्वात शेवटी द्या. पुष्पांजलीले सांगतलं वहिनीनं, मंग मले कळलं. पन मी इचारतो, त्यानं तेव्हाच काऊन नाही म्हनलं? तिथंच बोलाले पाहिजे होतं ना, का नाही, असं नाही? — आता तुमी असे पाहू नोका जी. हो, मी लगेच पुढचं बोलाले लागलो होतो. कोनी तं बोलाले पाहिजे! शंभर मानसं उभे होते.

तं तेव्हापासून तो बोलला नाही माझ्यासंग. गावबी सोडलं. फोन करतो मी, नाही करत असं नाही. सनावाराले करतो. तो उचलते. मी म्हनतो, दादा, कसा हाय, तब्येत कशी हाय, वहिनी कशी हाय, मोहाची झाडं यंदा कशी, पोरीकडं गेला होता का, आमच्याकडं कधी येशील — न् तो ठेवून देते. उत्तरच देत नाही! एक शब्द नाही. असा ताठर मानूस.

मंग एक दिवस अश्विन पंखा घेऊन आला दुरुस्तीले, त्याच्या झोल्यात हाच सेट. म्हने, योगराजजी तुमचे भाऊ काय? काय बोलतात जी, आमी सारे जन वाट पाहतो त्यांची. मी म्हनलो दुसरा कोनी असल. त्यानं लावून दाखवलं. रोज संध्याकाळी यांचा मेळा भरते हवेत, एक जन हजेरी घेते, ज्याची पाळी आली तो बोलते. न् दादाचा आवाज आला. अटकला ना, मधात ‘वा… वा…’ करत अटकलाच. मी इथं सवयीनं ‘वादळ, वादळ’ म्हनून गेलो, याच काउंटरपाशी. पन तिकडून कोनी काई नाही बोललं. सारे चूप. नागपूरचा चूप, रायपूरचा चूप, बालाघाटचा चूप. मंग तो शब्द आला बाहेर. वादळ नव्हताच तो. ‘वानर’ होता. वानरानं त्याची तार तोडली होती. न् त्यानं अशी रंगवून सांगतली ते वानराची गोष्ट — लांब, पार शेवटापर्यंत — मी हासून हासून… मले माहीतच नव्हतं त्याले गोष्टी सांगता येतात. एवढ्या वर्षांत कधी पुरी ऐकलीच नव्हती मी त्याची. म्हंजे ऐकली असन. ऐकली असनच ना, एका घरात राह्यलो. — गरम होऊन राहिलं का तुमाले? पंखा लावू?

तं असं हाय. म्हून परीक्षा. मंगळवारी पास झालो का लायसन येनार, मंग मी एक दिवस त्या मेळ्यात नंबर सांगनार, न् दादाले तं उत्तर द्याच लागन, चारचौघात नाही कसं म्हननार? न् तो बोलला का मी पानी धरून बसनार तोंडात. तुमाले वाटते जमन का मले? पुष्पांजली म्हनते नाही जमनार. अश्विन म्हनते पन्नास टक्के. नापास झालो तं पुन्हा केव्हा परीक्षा, काय माहीत. दादाचं वय झालं जी. माझ्यापेक्षा बराच मोठा हाय तो. मले भेव वाटते, खरं सांगतो, ते कागदाचं नाही —

थांबा. आवाज वाढवू द्या. सुरू झाला मेळा. हा हजेरीवाला. हे नागपूरचे गृहस्थ, रोज यांचा खोकला ऐकाले भेटते. — हा बालाघाट. — आता पाहा. आता सालेकसा म्हनला ना? हा दादा! हाच आवाज. चहा ठेवा खाली, कपाचा आवाज होते.

काय म्हनला? ‘एक आनंदाची बातमी’. बापा, पोरीकडं काई झालं वाटते. — ‘तिरोड्याले’? तिरोड्याले कोन हाय याचं? — ‘माझा लहान भाऊ’…

अश्विननं सांगतलं असन. त्याले किती वेळा म्हनलं होतं सांगू नोको, पास होऊ दे आधी —

‘मंगळवारी परीक्षेले बसून राहिला. साऱ्यांनी त्याले शुभेच्छा द्या. त्याचं नाव’… ‘ख… ख…’

अटकला. याच्यावरच अटकते तो, लहान होता तेव्हापासून, म्हून मले कधी नावानं हाकच नाही मारली —

नाही, नाही! तुमी नोको बोलू जी. तुमाले माहीत हाय, बाहेर बोर्डावर लिहून हाय, मलेबी माहीत हाय. चूप राहा. त्यानं ओव्हर नाही म्हनलं अजून.