दर्यातली आमची जागा

मी पालघरकडची, दर्याकाठची. इथं सुरतेच्या पांडेसऱ्यात सगळे मला खानदेशीच समजतात, विचारतात तुमचं गाव धुळं का नंदुरबार, मी म्हणते अगं बाई माझं गाव पाण्यात. हसतात मेल्या. पण खरंच सांगते ताई, आमची शेती पाण्यातच व्हती. दर्यात खुंट मारायचे, त्याला डोल बांधायची, डोल म्हणजे मोठं पिशवीसारखं जाळं, भरती-ओहोटीच्या वढीनं मासळी आपसूक आत. प्रत्येक घराची खुंटाची जागा ठरलेली, आज्या-पणज्यापास्नं. आणि गावची रीत अशी, एक हंगाम जाळं नाय बांधलं तर जागा मोकळी, दुसऱ्यानं मागून घ्यायची. त्या जागेपायी सख्खे भाऊ बोलेनासे झालेत, काय सांगू तुमाला.

मग ट्रॉलर आले. तळ खरवडत जायचे, बोटभर पिल्लूसुद्धा सोडायचे नाय, वर आमच्या डोली फाडायचे. सरकारचा कायदा व्हता ना, मोठ्या बोटींनी किनाऱ्यापास्नं लांब राहायचं. पण पाण्यात हद्द दिसती कुठं? माझे सासरे म्हणाले, त्यांना दिसत नसंल तर आपण दाखवू. बांबू रोवून निशाणं लावली. माझं लग्नातलं लाल लुगडं मी फाडून दिलं, हौसेनं, आईनं दिलेलं. आणि मेल्यांनी काय करावं? निशाणं बघूनच आत शिरले! मासळी कुठं राखलीय ते आमीच दाखवलं ना. आठवड्यात चार घरांच्या डोली गेल्या, आमची पण. सासरे मासेमारी खात्याच्या साहेबाकडं गेले, तो म्हणाला बोटीचा नंबर सांगा. सासरे म्हणाले नंबरावर चिखल फासलेला व्हता. तो म्हणाला, मग मी धरू कुणाला?

तेव्हा आमचे हे सुरतेला आले, रंगाच्या मिलमधी. हात कोपरापर्यंत निळे. मी म्हणते एखाद्या सुट्टीला हजीऱ्याकडं जाऊ, दर्या तरी बघू. म्हणतात तो काय दर्या, नुसती धुराडी. नसंना का, मला वास आला तरी पुरे! घरी बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळायचे, खालनं वाकून जायचं, तेव्हा नाक मुरडायची मी. आता बाजारात सुका बोंबील हुंगत बसते, दुकानदार वरडतो, मासी, लेवानुं छे के नहीं? म्हंजे मावशी, घ्यायचंय का नाय?

सासरे मागनं फाटकी डोल शिवून एकटेच जायचे, जागा राखायला. गेल्या हंगामात त्यांचे गुडघे धरले, जाळं बांधलंच नाय. मला धसका, आता जागा गेली. एसटीडीवरनं जाऊबाईला विचारलं, कुणी मागितली गं? म्हणाली नाय. महिन्यानं परत विचारलं, नाय. दिवाळीला विचारलं तर चिडली, म्हणाली घेऊन करायचं काय त्या जागेचं?

बसा हो, चहा घेऊन जा, तुमची पोरंबाळं सुखी राहू देत. कुणी मागितली असती ना, तर पहिली गाडी धरून गेले असते, पदर खोचून भांडले असते. कुणी मागितलीच नाय.