आजारी माणसं लपवणारं गाव

लिवा ताई, आता तुमी एवढं वही काढून बसलाच हाय तर लिवा. माजं नाव गौराबाई. घरात म्हना, शेजारात म्हना, समदी गौरव्वा म्हन्त्यात, कारन माजा जलम कानडी मुलखातला आन दिली हितं, मैंदर्गीच्या अलीकडं, ह्या मराठी बोलनाऱ्या घरात. नव्या न्हवरीला मराठी येत न्हवतं, आन सासूबाईला कानडी येत हुतं पर ती मुद्दाम बोलायची न्हाई. पानी आन म्हटलं की मी भाकरी आनायची, भाकरी आन म्हटलं की मी तशीच हुबी. मार खाल्ला, रडले, शिकले. आता दोन्ही तोंडानं भांडते, त्यामुळं कोन माज्या वाटंला जात न्हाई. हसताय काय, खरंच सांगते.

तुमी डाक्टरीन होनार म्हून इचारताय की आमच्या गावाला डाक्टर कसा आला. तुमच्या शाळंतल्या पोरांना वाचून दाखवनार म्हन्ता. दाखवा की. पर मग जसं बोलते तसंच लिवा, सुदारून लिवू नगा, न्हाईतर ती पोरं म्हनतील ही बाई मास्तरीनबाई दिसती.

तर काय सांगू तुमाला, तवा आमच्या गावात नारू हुता. तुमी बगितला न्हसंल. पायाला, गुडघ्याला फोड यायचा, जळजळ जळजळ व्हायची, आन तो फुटला की आतनं पांढरा दोरा भाईर यायचा. जिता दोरा, किडाच की त्यो. हात हात लांब. आन यायचा कवा, तर ऐन उन्हाळा सरताना, शेतं तयार करायच्या वक्ताला. मानूस बाजंवर पडला म्हंजी पडला. बैलं दावनीला, कुळव भित्तीला, आन घरधनी कन्हतोय. आमच्या मालकाला तर दर दोन वर्सांनी ठरल्यासारका. आदल्या खेपंला त्यास्नी घाई झाली, वढला हिसका मारून, तुटला आत, मग पाय भोपळ्यासारका सुजला आन त्या साली आमचं रान तसंच पडीक राहिलं. मी तवा कुनाकुनाच्या बांधावर खुरपायला गेले त्ये माजं मला म्हाईत.

गावाला डाक्टर न्हवता. वैदू यायचा जत्रंच्या टायमाला. सोलापूरला जायचं म्हंजी आदी बैलगाडी, मग ठेसन, मग आगगाडी, आन नारूवाला मानूस गाडीत बसवायचा कसा.

आमचं पाटील, बाबूराव पाटील, मानूस देवावानी, पर डोकं जरा उलटं चालायचं. त्यांनी आईचा डोळा दाखवायला सोलापूरला नेली हुती. तितं एक म्हातारं डाक्टर, त्ये डाक्टरी शिकनाऱ्या पोरांना पन शिकवायचं. पाटील म्हनलं, साहेब आमच्या गावाला एक डाक्टर द्या की. म्हातारं म्हनलं, अहो पाटील, मी दरवर्षी पोरांना घसा फोडून सांगतो खेड्यात जा म्हणून, ती मान हलवतात आणि पुण्याच्या पेठेत पाटी लावतात, त्यांनी खेडं पाहिलेलंच नाही हो. सुट्टी लागली की दोन दिवस तिघांना घेऊन येतो, एखाद्याचं मन बसलं तर बसलं.

झालं. पाटील आलं त्ये उड्या मारतच आलं. चावडीवर समद्या गावाला बोलावलं, आन काय सांगितलं म्हन्ता, पोरगी बगायला पाव्हनं येत्यात असं समजा. गाव सारवून काढायचं, भित्तींना चुना लावायचा, पोरांची नाकं पुसायची, आन नारूवाली, तापवाली जेवडी हायती तेवडी गाडीत घालून माज्या मळ्यात गोठ्यात न्हेऊन ठेवायची. एकबी दिसता कामा नये. कुनी इचारलं असं का वो पाटील, तर म्हनलं, इसरलात व्हय, मागं शाळंला मास्तर आला हुता, त्यानं विहिरीवर नारूचा पाय बगितला आन गाठोडं बांधून गेला त्यो आला न्हाई. आजारी गावात कोन ऱ्हाईल?

आन ताई, समद्यांना पटलं की! मलाबी पटलं. आपन पोरगी दाखवताना तिची लंगडी भईन माळ्यावर बसवतो की न्हाई, तसंच.

त्या दिवशी सकाळी मालकाला गाडीत घातलं. नारू पायाच्या घोट्याजवळनं नुकताच तोंड काढून हुता. मालक म्हनलं, मी हितंच पडतो कोपऱ्यात घोंगडं घिऊन, कन्हनार न्हाई. मी म्हनलं, तुमी मुंगी चावली तरी गाव गोळा करता, चला. असं बोलले आन गाडीत त्यांच्या पायाखाली पोतं दुमडून घातलं. गोठ्यात शेनाचा वास, माशा, आन एका रांगंत मानसं पाय पसरून बसलेली, आन समद्यात म्होरं कोन, तर पाटलाची आई. हो! डोळ्याचं हुतं तेवडं पुरलं न्हाई, गुडघ्यात नारू. सख्ख्या आईला बी दावनीला न्हेऊन बसवली पाटलानं.

दुपारी पाव्हनं आलं. म्हातारं डाक्टर, आन तीन पोरं, पांढरीशिप्पट धोतरं, टोप्या. एक सोलापूरचंच, कारकुनाचं लेकरू, मनोहर त्याचं नाव, बारीक, चष्मेवालं. त्यास्नी गाव फिरवलं. जिकडं तिकडं चुना, जिकडं तिकडं गट्टी, धडधाकट मानसं, नमस्कार नमस्कार. मी पाटलाच्या घरी सैपाकाला हुते. कडक भाकरी, शेंगाची चटनी, आन गव्हाची हुग्गी, म्हंजी गुळातली खीर, आमच्या कानडी हाताची, तूप घालून. पंगत बसली. मी वाढत हुते आन त्या तिघातला एकजन, गोरा गोमटा हुता, त्यो खाता खाता म्हन्तो, सर, तुम्ही वर्गात सांगता तसं काही दिसत नाही, हे गाव तर आमच्या गल्लीपेक्षा निरोगी आहे, इथं डॉक्टर येऊन करील काय, माशा मारील. समदी हसली. पाटील तर असं खुलून हसलं की बगायला नगं. म्हनलं, व्हय व्हय, आमचं गाव लई निरोगी, देवाची कृपा.

यव्वा! माजं डोस्कंच फिरलं. अरे, पाटील, मागायला काय गेला हुतास आन बोलतोस काय? ज्याच्यासाटी डाक्टर पायजे त्यो माजा मालक तुज्या गोठ्यात माशा वारतोय, आन हे गोमटं म्हन्तंय डाक्टर माशा मारील! माज्या हातात हुग्गीची पळी. मी तशीच हुबी ऱ्हायले आन म्हनलं, डाक्टरसाहेब, पोटभर जेवा, हुग्गी अजून घ्या, आन जेवन झालं की पाटलाच्या मळ्यात चला, आमचं खरं गाव तितं बसवलंय. पाटलीनबाईनं मागनं चिमटा काढला, त्यो अजून आठवतो. पाटलाचं तोंड चुन्यागत पांढरं.

म्हातारं डाक्टर उठलं त्ये हात धुवून सरळ जोड्यात पाय. म्होरं मी, मागं समदी, समद्यात मागं पाटील. गोठ्यात पाव्हनं शिरलं तशी मानसं लाजंनं घोंगडी वढाय लागली पायावर. पाटलाची आई मात्र वढली न्हाई. ती म्हनली, आलास का बाबू, आमी मेलो का जिती हाय बगायला? पाटील मटकन खाली बसलं, टोपी काढली, आन रडायलाच लागलं. म्हनलं, साहेब, मास्तरावानी तुमी पळून जाल म्हून केलं वो, गाव चांगलं दिसावं म्हून केलं.

गोमट्यानं नाकाला रुमाल लावला. खोटं कशाला सांगू, लावला. पर त्यो चष्मेवाला मनोहर, त्यो पाटलाजवळ उकिडवा बसला आन म्हनतो कसा, अहो पाटील, आम्ही आजारी माणसांपासून पळायचं म्हटलं तर आम्ही खायचं काय? आणि सगळे धडधाकटच असतील तर आमच्या आयांनी आम्हाला एवढं शिकवलं कशाला? आदी पाटलाची आई हसली, मग गोठ्यातली समदीच हसली, गुडघं धरून हसली. मनोहरनं चष्मा पुसला आन म्हनला, मी नारू पुस्तकात वाचलाय, बघितला आजच. सर, कुठून सुरुवात करू? आन त्यो माज्या मालकाच्या पायाजवळ बसला.

आता नारूचं कसं असतं, त्याला घाई चालत न्हाई. पाय पान्यात धरायचा, दोरा जरा ढिला झाला की काडीला गुंडाळायचा, रोज बोटभर, आन काडी तितंच बांदून ठेवायची. तुटला की मेलो. म्हातारं डाक्टर दुसऱ्या दिवशी पोरं घिऊन निगालं. मनोहर गाडीत बसला न्हाई. म्हनला, सर, बोटभरच बाहेर आलाय, असा सोडून कसा येऊ? म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठिवला. मी बगितलं, डोळं वलं हुतं.

त्यो ऱ्हायला. मालकाचा नारू काढला, मग पाटलाच्या आईचा, मग दुसऱ्यांचा. मालक त्या साली मिरगाच्या आत कुळवावर हुबं ऱ्हायलं. मी बांधावर बसून बगत हुते आन येड्यावानी रडत हुते, आनंदानं. मनोहरनं विहीर बगितली. आमची पायऱ्यांची विहीर, मानूस पायऱ्या उतरून गुडघाभर पान्यात जायचा आन घागर भरायचा. त्यो म्हनला, रोग इथंच आहे, नारूवाल्याचा पाय पाण्यात बुडतो, तेच पाणी तुम्ही पिता, दुहेरी फडक्यातून गाळून प्या, पायऱ्या बंद करा, वरून रहाटानं पाणी काढा. गावानं ऐकलं व्हय? आजोबा-पंजोबांच्या पायऱ्या म्हनं. फडक्यातनं गाळायचं मात्र पाटलाच्या आईनं घरोघरी फिरून चालू केलं, काठी घिऊन.

मग त्याची शाळा सुरू झाली, त्यो गेला. जाताना म्हनला, गौरव्वा, शेवटची परीक्षा झाली की येतो. समदी म्हनली, हो हो, या या. एकानंबी खरं मानलं न्हाई. मीबी न्हाई. शहरातलं पोरगं, आई वाट बगनारी, कशाला येतंय. त्यानं कळवलं हुतं म्हनं अमुक दिवशी येतो, तरी पाटलानं ठेसनाला गाडी धाडली न्हाई, उगं बैलं कशाला दमवा म्हून. आन ऐन दुपारी बगतो तर वाटंनं टरंक डोक्यावर घिऊन येतंय चालत, घामानं निथळत, चष्मा नाकावर घसरलेला. पाटील आडवं पडलं की त्याच्या पायावर!

आता तुमच्या पोरांना मी गोड गोड सांगनार न्हाई. पयलं वरीस त्याला लई जड गेलं. बोलायला बरोबरीचं कोन न्हाई, पेपर आठ दिवसांनी, बायका कानडीत दुखनं सांगायच्या आन त्याला कळायचं न्हाई, पुरुस मानसाला पोटाखालचं सांगत बी न्हवत्या. मग मला बोलावलं. बाई माज्या कानात सांगायची, मी त्याला सांगायची, त्यो मला, मी तिला. आज बी त्येच काम करते, आता त्याला कानडी येतं पर बायका म्हन्त्यात गौरव्वा पायजेच. एकदा संध्याकाळी त्यो टरंक भरून बसला हुता, तोंड पाडून. मी म्हनलं, जायचं तर उजेडात जा, गाव वाटंला लावाय येईल, कोन शिव्या द्यायचं न्हाई, पर असं रुसून बसू नगस, जेवला न्हाईस वाटतं. आन भाकरी वाढली. जेवला. टरंकंतलं सामान परत भाईर काढलं. त्याला काय वाटलं त्यो जानं, मी इचारलं न्हाई. पुढं लगीन झालं, बायको आली, तिला आता माज्यापरीस चांगली हुग्गी येती. त्या गोमट्यानं म्हनं पुण्यात मोठा दवाखाना काढलाय, चांगलं हाय, तितंबी मानसं आजारी पडत्यातच की. पर आमचा मनोहर रस्त्यानं निगाला की म्हाताऱ्या बाजंवरनं उठून बसत्यात. तसलं त्याला पुण्यात मिळालं असतं का, तुमीच सांगा.

शेवटाला गावानं त्याचं ऐकलं, पायऱ्या बुजवल्या, विहिरीला कठडा झाला, रहाट बसला. आता आमच्या गावात नारू न्हाई. मालक म्हातारं झालं, पर चालत्यात, सकाळी रानात जात्यात आन उगंच माज्यावर खेकसत्यात. मी सुखी हाय बाई. देवानं लई दिलं.

म्हून तुमच्या पोरांना माजा येवडाच निरोप द्या. माज्या गावाला या असं मी म्हनत न्हाई, माज्या गावाला डाक्टर हाय. माजी लेक काशी, ती दिली नदीच्या पल्याड. तितं अजून पायऱ्यांचीच विहीर हाय, आन डाक्टर न्हाई. आमचा मनोहर जातो आठवड्याला, पर त्यो एकटा किती जाईल. मागल्या म्हैन्यात काशी माज्याकडं आली ती लंगडत आली. मी तिचा पाय मांडीवर घेतला, तर घोट्याजवळ त्योच पांढरा दोरा. तुमच्यातलं कोन तरी तिकडं जावा. आदी लाजतील, झाकतील, चांगलं चांगलं बोलतील, तुमी मनावर घिऊ नगा. ऱ्हावा तितं. माजी लेक भाकरी घालील तुमाला.