वयाचा रकाना

—नाही नाही, सिंधूताई, बसा. पारशिवनीहून दोन गाड्या बदलून सदरले माझ्या घरी आल्या, अन् दारातूनच परत पाठवू का तुम्हाले? वृंदा, पाटी घेऊन तिकडे बस बाई. काय सांगू, चार रात्री डोळ्याले डोळा नाही माझ्या—हेच डोक्यात, की तुमच्या अंगणवाडीतली अकरा लेकरं सरकारी दुधाच्या यादीतून गेली कशी. तुम्ही वजनं बरोबर केली होती. तुमचं काही चुकलं नाही. चुकलं—सांगते ना. आमच्या ऑफिसात कम्प्युटरवर गणिताचे तयार प्रोग्रॅम आहेत, आपण फक्त प्रत्येक रकान्याले त्याच्या प्रकाराचा एक आकडा द्यायचा. एक म्हणजे पूर्णांक, दोन म्हणजे दशांश. बस, एवढंच—गणितात एमएस्सी केलेल्या बाईले एवढंही जमू नये. वजनाले मी दोन दिला. वयाले एक. काहून? अहो, वय कोणी दशांशात सांगतं का—आपण म्हणतो, एक भरलं, दुसरं लागलं. तसाच हात चालला. अन् मशीन काही बोंबलत नाही, पॉइंटच्या पुढचं गुपचूप गाळून टाकते. तुमच्या गावच्या पंचफुलाची पोरगी एक पॉइंट नऊ वर्षांची, वजन आठ किलो—मशीनले ती एकाच वर्षाची दिसली. वर्षाच्या लेकराले आठ किलो चालून जातं. म्हणून पोरगी ठीक, म्हणून दूध बंद. दोन वर्षांच्या लेकराले ते चालत नाही, हे कोणत्याही आईले नुसतं पाहून—हो, मलेही कळायले पाहिजे होतं. यादीवर सही माझीच आहे.

साहेबांले? सांगणार ना. पण येत्या मार्चमध्ये मी नोकरीत कायम होऊन राहिली, त्याच्या आधी असं काही—दिवाळीच्या आधी दिसलं तेव्हाच मी—म्हणजे, दिसलं नाही, शंका आली होती. शंकाच. चार रात्री म्हटलं मी मघाशी, ते फक्त या आठवड्याचं म्हटलं.

कशी आहे पंचफुलाची पोरगी? खाते-पिते ना? … पिशवी काहून उचलून राहिल्या, ताई?

चहा निवला तुमचा. हे पाहा, अर्ज लिहून ठेवला आहे, अकराही नावं आहेत, वयं दशांशासकट. उद्या सकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवते. खरंच ठेवते. आता निघा तुम्ही, नाहीतर गाडी चुकेल—

पाटीवरची मान वर न करता वृंदा म्हणाली, "आई, तू तं रोजच उद्या म्हणते."