शिसपेन्सिलीतलं विष

आठवलं तरी अजून डोकं फिरतं माझं. नव्वदच्या सुमाराला मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये होते. कॅप्सूलमध्ये अँटिबायोटिक किती आहे ते मोजायला आम्ही पाऱ्याच्या थेंबातून करंट सोडायचो. काम झालं की तो पारा बेसिनमधून थेट नाल्यात जायचा.

मी साहेबांना म्हटलं, "सर, पाऱ्याऐवजी शिसपेन्सिलीचं टोक वापरून बघितलं. आकडा तोच येतो. पारा बंद करूया ना."

"अहो बाई, शिसं विषारी असतं."

"सर, शिसं फक्त नावात आहे. आत साधा कार्बन असतो."

"नाव काय उगाच पडतं?"

"मग सीताफळात सीता असते का, सर?"

"उलट बोलू नका. उद्या नाल्यात शिसं सापडलं तर लोक आपल्याला धरतील."

"आणि पारा?"

"तो इतकी वर्षं जातोय, कोणी काही बोललंय?"

एवढं बोलून साहेबांनी कानावरची शिसपेन्सिल काढली आणि नेहमीसारखी चघळायला लागले.