चिंतामणरावांची हिरवळ आणि साळोख्यांची हरळी

मंडळी, ऐका! देवाचं नाव घेऊन झालं, आता देवाच्या देखत एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका — तुम्हाला सवय आहे, बायकोचा प्रश्न पुरा व्हायच्या आत 'बरं बरं' म्हणायची! प्रश्न असा — माणूस एखाद्या गोष्टीच्या मागे दिवसरात्र राबतो, घाम गाळतो. ती त्याची सेवा म्हणायची, का नुसता हट्ट? दोन्हीत घाम तेवढाच येतो हो! मग ओळखायचं कसं?

तबलजी, तुम्ही मान हलवू नका. तुम्हाला कळलेलं नाही. मलाही कळलं नव्हतं. कळलं ते चिंतामणरावांमुळे. त्यांचंच आख्यान लावतो.

सांगलीकडे एक वसाहत. आठ बंगल्यांची एक गल्ली. तिथं चिंतामणराव शेंबेकर राहायचे. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. आता मोजणी खात्यातला माणूस निवृत्त झाला तरी त्याच्या खिशातली टेप निवृत्त होते काय? घरात पोळी जरा वाकडी झाली की हे म्हणणार, "विजया, नैऋत्येला फुगलीय!" विजयाकाकू म्हणजे त्यांची बायको. चाळीस वर्षं संसार केला त्या माउलीनं. आधी तिला नमस्कार करू, मग पुढं जाऊ.

तर बंगल्यापुढं अंगण. त्या अंगणात नळाजवळचा एक कोपरा होता, तिथं हरळी उगवायची. ही हरळी म्हणजे काय, ठाऊक आहे ना? शेतात आली तर तण, आणि देव्हाऱ्यात गेली तर दूर्वा! गणेशचतुर्थीला विजयाकाकू पहाटे न्हाऊन, ओल्या केसांनी तिथं बसायच्या. कोवळ्या कोवळ्या तीन पात्यांच्या दूर्वा खुडायच्या. एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधायच्या आणि फाटकावर परडी टांगायच्या. आठही घरांचे गणपती त्या दूर्वांवर बसायचे. सव्वीस वर्षं! गल्लीत काकूंना कुणी शेंबेकरबाई म्हणत नसे. 'दूर्वांच्या काकू' म्हणत. बाईला दुसरी हौस नाही, दागिना नाही. हाच मान.

आणि निवृत्तीनंतर चिंतामणरावांना सुचलं — अंगणात लॉन लावायचं!

आषाढात लॉन आलं. चौकोनी चौकोनी तुकडे, टेम्पोतून! काकू एवढंच म्हणाल्या, "लावा हो. पण नळाजवळचा कोपरा माझा."

"तुझा म्हणजे तुझाच! शब्द दिला," राव म्हणाले. टेप काढून चार फूट बाय तीन फूट मोजूनसुद्धा दिला.

पावसानं लॉन असं धरलं, असं धरलं — डोळ्यांना गारवा! झालं. माणूस वेडा झाला. अंगणात पाय ठेवायची बंदी! काकूंच्या मैत्रिणी दुपारी तिथं सतरंजी टाकून बसायच्या, त्यांची रवानगी जिन्याखाली. दूधवाल्यानं भिंतीच्या कडेकडेनं, कठड्यावरून चालल्यासारखं यायचं. हिवाळ्यात दव पडलं की राव पहाटे हात मागं बांधून कडेनं फेऱ्या मारायचे — स्वतःसुद्धा कामाशिवाय आत पाय ठेवला नाही हो! आठवड्याला मशीन फिरवायचं, आणि मशीन जिथं पोचत नाही तिथं पालथं पडून कात्रीनं कापायचं. कुणाची कात्री? काकूंची, शिवणाची!

मग आला उन्हाळा. नळाला एक दिवसाआड पाणी. आता हिरवळीला पाणी कुठलं घालणार? राव हुशार! सकाळी पंचा नेसून, पाट घेऊन, लॉनमध्ये आंघोळीला बसले! आणि रोज एकाच जागी नाही बरं का — नकाशा काढलेला! सोमवारी ईशान्य, मंगळवारी पूर्व… सगळ्या हिरवळीला समान वाटप. गल्लीतल्या बायका सकाळी खिडक्या उघडेनाशा झाल्या! काकू आतून ओरडायच्या, "अहो, निदान साबण तरी आत लावून या!"

हसताय? हसा. पण पुढं ऐका.

एवढं करून वैशाखात लॉन पिवळं पडलं. आणि त्या पिवळ्यात हिरवंगार काय दिसावं? हरळी! कोपऱ्यातून सरकत सरकत आलेली. न पाणी, न खत, न कुणाची आंघोळ — आणि ही बया टवटवीत! चिंतामणरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या अंगणातूनही हरळी कुंपणाखालून येत होती. शेजारी कोण? साळोखेमामा, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. त्यांचं अंगण म्हणजे नुसतं रान. रावांनी त्यांना लेखी नोटीस दिली — 'आपल्या हद्दीतील हरळी आमच्या हद्दीत विनापरवाना प्रवेश करीत आहे. सात दिवसांत बंदोबस्त करावा.'

मामांनी त्या नोटिशीच्याच पाठीवर लिहून पाठवलं — 'हरळीला पुढच्या वेळी तिकीट काढायला सांगतो.'

त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद.

ज्येष्ठात काकू आठ दिवस माहेरी गेल्या. आणि मंडळी — इथं पाप घडलं! रावांनी तण मारायचं औषध आणलं, लहान कुंचला घेतला आणि हरळीच्या पात्यापात्याला औषध फासलं. लॉनमधल्या हरळीला तर फासलंच. पण कोपऱ्यातल्या? शब्द दिलेला कोपरा! चार बाय तीन! तिथंही कुंचला फिरला. वर लॉनचे दोन तुकडे आणून बसवले. अंगण कसं — चौकोन पुरा झाला! आणि नाव काय ह्या माणसाचं? चिंतामण! गणपतीचं नाव लावायचं आणि गणपतीच्याच दूर्वा जाळायच्या!

काकू आल्या. नळाजवळ उभ्या राहिल्या. "इथली हरळी?"

"तण होतं ते, विजया. किती छान दिसतंय बघ आता!"

काकूंना वाटलं, पावसात येईल परत. यायचीही हो, रोज एखादा कोंब! पण राव पहाटे उठून चिमट्यानं उपटायचे. रोज! म्हणायचे, "देवा, एक पातं शिल्लक ठेवू नकोस." आता बघा, देवाकडं काय मागावं हेसुद्धा माणसाला कळत नाही.

भाद्रपद आला. चतुर्थीची पहाट. काकू न्हाल्या, ओल्या केसांनी अंगणात आल्या. कोपऱ्यात बसल्या, हात फिरवला. पुन्हा फिरवला. उठून आत गेल्या आणि रिकामी परडी ओट्यावर ठेवली.

राव म्हणाले, "अगं, त्यात काय? बाजारात मिळतात. आणतो आत्ता!"

"देवाला बाजारातल्या चालतील हो. तो बिचारा कशालाही चालवून घेतो." काकू म्हणाल्या. "पण सव्वीस वर्षं ही माणसं माझ्या दारातून दूर्वा नेतात. आता येतील. मी काय सांगू? यंदा मी आरतीला जायची नाही. कुणाच्या घरी नाही. कुठल्या तोंडानं जाऊ?"

आणि आतली कडी लागली.

चाळीस वर्षांत ही बाई रुसली होती, भांडली होती, ताटावरून उठली होती. कडी कधी लावली नव्हती.

मग काय! हा मोजणी खात्याचा माणूस लॉनवर गुडघे टेकून बसला. हरळीचं पातं शोधायला! चष्मा नाकावर, हातात बॅटरी, नाक जमिनीला. वर्षभर जिथं कुणाला पाय ठेवू दिला नाही, तिथं हा चार पायांवर रांगतोय! "देवा, एक तरी चुकून राहिलेली असू दे रे! माझ्या हातून एवढं तरी काम वाईट झालेलं असू दे!" पण छे! काम चोख केलं होतं. एक पातं नाही.

कुंपणापलीकडून आवाज आला, "काय ओ रावसाहेब? कवळी पडली काय?"

साळोखेमामा! दात घासत उभे.

बोलणं बंद असलेल्या माणसापुढं रांगत असताना काय उत्तर द्यायचं, सांगा बघू! तोरा दाखवायला निदान उभं तरी असावं लागतं. राव म्हणाले, "मामा… विजयाच्या दूर्वा मी जाळल्या. तिनं दार लावून घेतलंय. तुमच्या अंगणात… असतील का?"

मामांनी चूळ भरली. त्यांच्या मनात त्या नोटिशीचा सगळा हिशोब चुकता करायचं आलं असेल, नाही म्हणत नाही. पण म्हणाले, "वहिनींच्या दूर्वांवर माझा गणपती सव्वीस वर्षं बसतोय. मी काय आज त्याला उपाशी ठेवू? या की आत. चपला तिथंच काढा."

गेले हो राव! अनवाणी! ज्या रानाला नोटीस दिली, त्या रानात बसून दूर्वा खुडल्या. ओटीभर! निघताना थबकले. "मामा, एक गड्डा मुळासकट देता?"

"न्या. तिकीट माफ!"

घरी आले, कुदळ सापडेना. स्वयंपाकघरातलं उलथनं घेतलं आणि लॉनच्या मधोमध — कोपऱ्यात नाही बरं का, मधोमध — चौकोन कापायला लागले. कर् कर् आवाज झाला, तशी आतली कडी निघाली.

"अहो! ते माझं धिरड्यांचं उलथनं!"

राव मागं वळले. गुडघ्याला चिखल, ओटीत दूर्वा, डोळ्यांत पाणी. "विजया, चुकलो. तुझी जागा होती. मला नुसतं गवत दिसलं."

काकूंनी त्यांच्याकडं पाहिलं, चौकोनाकडं पाहिलं. पदरानं डोळे टिपले आणि खाली, त्या लॉनवरच, बैठक मारली. जुड्या बांधायला घेतल्या. बांधता बांधता म्हणाल्या, "मागच्या गल्लीतली दोन घरंही मागत होती. एवढ्याशा जागेत भागायचं नाही."

चिंतामणरावांनी उलथनं उचललं आणि आणखी दोन फूट कापलं. टेप न लावता!

बोला, गजाननाचा जयजयकार करा! … एवढाच? त्यापेक्षा रावांच्या आंघोळीला जास्त हसलात!

आता माझा प्रश्न. सेवा कुठली आणि हट्ट कुठला? ज्या सुंदर गोष्टीपायी घरातलं माणूस अंग चोरून वावरायला लागलं, तो हट्ट. मग घाम कितीही येऊ दे. आणि चिंतामणरावांना हसणं सोपं आहे हो! तुम्ही नवा सोफा घेतलात. त्यावर म्हातारे वडील बसले की तुमच्या कपाळाला आठी. स्वयंपाकघर नवं केलंत, आणि आईला म्हणालात, 'तू आता फोडणी देऊ नकोस, फरशा पिवळ्या होतात.' औषध नाही फासलं तुम्ही. चिमट्यानं उपटलंत. रोज एक कोंब.

आता आरती होईल, प्रसाद वाटतील. प्रसाद एक जास्तीचा मागून घ्या. मी सांगून ठेवलंय, देतील. आज कीर्तनाला निघताना 'तुम्ही कशाला येताय, तुम्हाला बसवत नाही' असं म्हणून ज्याला घरी ठेवून आलात ना — तो त्याच्यासाठी. आणि नुसता हातावर ठेवू नका. त्या सोफ्यावर शेजारी बसवा आणि मग द्या.