गुडघा सासूबाईंचा, पाय माझे

...नाही हो, पुण्यबिण्य ठेवा बाजूला! आधी मला सांगा, नवस बोलायचा एकानं आणि फेडायचा दुसऱ्यानं, हा कुठला न्याय? तुम्हाला सांगतो, आमच्या सासूबाई, दोन्या पेत्रोनिला, वय चौऱ्याहत्तर. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संत याकोबाला बोलून बसल्या, 'गुडघा बरा होऊ दे, आस्तोर्गाहून सांतियागोला तुझ्या देवळापर्यंत अडीचशे किलोमीटर चालत येईन!' झाला की बरा! ठणठणीत! तर म्हणतात कशा, 'नव्या गुडघ्याला एवढा ताण नको. एवारिस्तो जाईल माझ्या बदली. पांगळ्या माणसासाठी दुसरा चालला तर यात्रा पुरी केल्याचं प्रमाणपत्र त्या पांगळ्याच्या नावानं मिळतं. फादरना विचारलंय मी!'

गुडघा त्यांचा, पाय माझे!

बरं, नाही म्हणावं, तर बाई आठ महिने आमच्याच खोलीत मुक्कामाला! 'तो कागद भिंतीवर लागला की त्याच दिवशी माझ्या घरी जाईन.' हे ऐकलं मात्र, आणि मीच धावत जाऊन काठी विकत आणली!

माझं बुटांचं दुकान आस्तोर्गात, यात्रेकरूंच्या वाटेवरच. शाळेत मी चार यत्ता, पण माणसाचा पाय बघून त्याचा स्वभाव सांगतो. अठ्ठावीस वर्षं सांगत आलो, 'घाला साहेब, लोणी आहे लोणी!' तेच बूट घालून निघालो. तिसऱ्या दिवशी कळलं, लोणी कशाला म्हणतात ते! आणि यात्रेकरूंचं आयुष्य म्हणजे काय हो? पहाटे पाचला कुणीतरी प्लास्टिकची पिशवी कुरकुरवतो की सगळी धर्मशाळा जागी. मग चाला. ओले मोजे पाठपिशवीला पिनांनी टांगून चाला. दुपारी कोबीचं सूप, संध्याकाळी चालल्याच्या पुराव्याचे वहीत शिक्के, रात्री कोबीचं सूप!

वरच्या खाटेवर कोण, तर बासिलिओ, तेरुएलचा खाटीक. दोन्ही टाचांना द्राक्षांएवढे फोड. मी सुई-दोरा घेऊन फोडतोय आणि हा वरून शिव्या घालतोय.

'आस्तोर्गात घेतले हे बूट! दुकानदार म्हणे, लोणी! सापडू दे तो डुक्कर, सोलूनच काढतो!'

'चेहरा आठवतो का?' मी मान खाली घालून विचारलं.

'टक्कल होतं.'

उन्हाचं निमित्त करून मी सांतियागोपर्यंत टोपी काढली नाही महाराज! आंघोळीलासुद्धा!

आणि रोज सातच्या ठोक्याला फोन. 'आज शिक्के किती?'

'दोन, सासूबाई.'

'बसमध्ये तर बसला नाहीस ना? आवाज लई ताजातवाना येतोय!'

गुडघा त्यांचा, पाय माझे, आणि संशय पुन्हा माझ्यावरच!

तेराव्या दिवशी पोचलो एकदाचा. खुरडत खुरडत प्रमाणपत्राच्या कार्यालयात. खिडकीत चष्मेवाली पोरगी. 'कुणाच्या नावानं?'

'सासूबाईंच्या. काय सांगू बाई, बिचारीला पाऊल टाकवत नाही...' मीच डोळे पुसले हो! तिनंही चष्मा काढून पुसला! पेन उचललं, 'पेत्रो' इतकं लिहून झालं...

'एवारिस्तो! आडनाव नीट लिहायला सांग!'

मागे बघतो तर दारात साक्षात सासूबाई! कागद स्वतःच्या हातानं घ्यायचा म्हणून सकाळच्या रेल्वेनं आलेल्या! 'कधीची शोधतेय तुला! स्टेशनवरून चालतच आले, दोनदा चर्चला फेरी मारली, तो मनोरासुद्धा चढून आले!'

पोरीनं पेन खाली ठेवलं. 'आजी, तो नियम पांगळ्यांसाठी आहे.' टराटरा फाडला तो कागद आणि नवा लिहिला, माझ्या नावाचा!

मी पायरीवर बसलो. म्हटलं, आता खोली गेली कायमची. तर बाई शांत. म्हणाल्या, 'नवस राहिलाच की. वसंतात मी स्वतः चालेन.' मी मनात घंटा वाजवली! पण पुढचं वाक्य होतंच. 'एकट्या बाईनं कसं जायचं? तू आहेसच. तोवर तुमच्याकडेच राहते, सराव होईल.'

आता रोज सकाळी सराव असतो. सासूबाई टेकडीच्या माथ्यावर जाऊन बसतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, 'जावई आहे माझा. येईल हळूहळू. पायानं अधू आहे बिचारा.'