गोचिडीचा ताप

आमच्या मालकांना एकदा म्हशीची गोचीड काखेत चावली. मी ती उपटून चुलीत टाकली. पण लोणावळ्याच्या बाजारात कुणीतरी सांगितलं, गोचिडीनं ताप भरून माणूस जातो. झालं! म्हशीला लावायचं तंबाखूचं पाणी यांनी स्वतःच्या अंगभर चोळलं. घटकाभरात गरगरून ओकायला लागले.

"आला गं ताप! मी काय वाचत न्हाई."

हात लावला, तर अंग गार. म्हटलं, "तंबाखू लागलीय तुमाला. उठा, आंघोळ करा."

"ते ऱ्हाऊ दे. माज्यामागं म्हैस धाकट्या भावाला दे."

मी भरली घागर डोक्यावर ओतली. "मरायचं तर खुशाल मरा! म्हैस माज्या बापानं दिलीय, ती कुनाला मिळायची न्हाई."

तसे उठून बसले. म्हणाले, "मंग मरून तरी काय उपेग?"